तूपभात आणि तुझी झोप

माय, तुझ्या तुपाबद्दल लिहितो आहे. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, मीही आता काठी टेकत चालतो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित लिहायचं धाडस होतं आहे.

एचआयव्ही निघाला तेव्हा मी पन्नाशीचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, नाचणगावात धाकट्या भावाच्या घरी राहणारा. भावजयीनं माझं ताट-गिलास न बोलता वेगळ्या कोनाड्यात ठेवलं. भावानं घरच्या किराणा दुकानात येऊ नको म्हटलं. तुला सगळं सांगितलं, तर तू पदरानं माझंच तोंड पुसलंस. "औषध देलं ना डाक्टरनं? मंग काऊन रडून राह्यला?" पण औषध गरम पडतं, हे तू ठरवून टाकलंस, आणि गरम औषधावर तूप-दूध हवंच, हा तुझा जुना कायदा. रात्री चुलीपाशी बसवून तू भातावर तूप ओतायचीस, तो स्वतःच्या बोटांनी कालवायचीस, वर सायीचं दूध, मग गोळी. त्या घरात माझ्या ताटाला लागणारा तेवढाच एक हात होता.

आणि मग स्वप्नं. मी शाळेत उभा आहे, कविता म्हणतो आहे, दुसरी ओळ आठवत नाही. दुकानात पुड्या बांधताना ज्या कविता मी जन्मभर गुणगुणलो, त्याच अंगावर धावून येतात. मी ओरडत उठतो, तर तू उशाशी, माझं मनगट धरून. "आजबी मास्तरनं उभं केलं का रे बाबू? सांग त्याले, माह्या पोराले समदं पाठ हाय म्हणा!" घामानं भिजलेला मी हसतो. तू उजाडेपर्यंत तशीच बसून.

दुपारी डाळ निवडताना तू पेंगायचीस. भावजय टोमणा मारायची, "सासूबाई दिवसाच घोरून राह्यल्या! रातच्याले राखण करता काय?" तू म्हणायचीस, "म्हातारी झाली वं मी." माझं नाव नाही घेतलंस. मी ओसरीवर, मान खाली घालून.

गोळ्या आणायला वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी झोपेचं विचारलं. तूपभाताचं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो काका, तुपकट खाल्लं की ही गोळी जास्त चढते. हलकं जेवा, झोपताना घ्या. स्वप्नं कमी होतील." तुला आजच सांगायचं, असं एसटीत ठरवलं. संध्याकाळी तू ताट ओढलंस, भातात बोटं घातलीस, आणि मी घास उचलला. हा हात थांबला तर मला काय उरलं? उद्या सांगू म्हणता म्हणता हिवाळा सरला, उन्हाळा सरला. तुझे डोळे खोल गेले. पोळ्याच्या आधी तू गेलीस.

तेरवीनंतर भावजयीनं लांबून वाढलेला कोरडा भात खाल्ला, गोळी घेतली, आणि सकाळपर्यंत गाढ झोपलो. त्या झोपेची लाज अजून वाटते, माय. आता रोजच चांगली लागते.

तू असतीस, तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि इथवर येऊन मी थांबलो असतो. कारण मी ओरडलो की माझ्यासाठी कुणीतरी जागं होतं, याची मला गोडी लागली होती. काही रात्री तर स्वप्न पडलंच नव्हतं. तरी मी ओरडलो.