खालची रांग रिकामी

४ जानेवारी
डावा बूट दोनदा, उजवा एकदा. मग दार. माझा थोरला भाऊ फिडेल घाटातून परतला की पायरीवर असे बूट झटकायचा, आणि आई काही न विचारता सूप गरम करायला ठेवायची. चाळीस वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

आज त्याच घाटातल्या चौकीत पहारेकरी म्हणून रुजू झालो. पासष्टाव्या वर्षी नवी नोकरी! बाहेर लख्ख ऊन, आत शेगडी रसरसलेली. जन्मभर पोरांना शिकवलेली हिमाची कविता खड्या आवाजात म्हणून टाकली. तिच्यात हिम म्हणजे धरणीवर पांघरलेली पांढरी दुलई. त्या दुलईखाली कवीचं कुणी गेलं नसावं.

काम सोपं आहे. दाराशी एक फळी, तिच्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. रस्त्यावर जाणाऱ्यानं आपल्या नावाचा लाकडी बिल्ला वरून काढून खालच्या रांगेत लावायचा, परतला की पुन्हा वर. रोज सकाळी समोरच्या कड्यावरून सुरुंगवाला गेब्हार्ट तारेवरून सुरुंग सोडतो आणि वर साचलेला बर्फ मुद्दाम पाडतो, म्हणजे तो घाटातल्या बसवर कोसळत नाही. त्याआधी तो फोनवर मला विचारणार. मी फळी बघायची आणि सांगायचं : खालची रांग रिकामी.

घाटाचा मुकादम योडोक. त्याचा हा शेवटचा हिवाळा. मला बघताच म्हणाला, "या, मास्तर! बघू या, कविता ऐकून हिमकडा कोसळायचा थांबतो का." सगळे हसले. मीही हसलो. मग त्यानं माझ्या नावाचा नवाकोरा बिल्ला वरच्या रांगेत लावला.

त्याच्या शेजारीच फिडेलचा आहे. तो काढायला म्हणे कुणाचा हात धजला नाही.

९ जानेवारी
दोन दिवस बर्फ. योडोकनं घरून चीज घातलेले पिठाचे गोळे आणले, वर तळलेला कांदा. म्हणाला, मास्तर, हाडं मोजता येतात तुमची, खा.

चाळीस वर्षांपूर्वी या खुर्चीत योडोक बसायचा. फिडेलच्या शेवटच्या दिवशी मी शेगडीपाशी पुस्तक घेऊन बसलो होतो. फिडेलनं बिल्ला खाली लावला आणि तो गेला. पायथ्याशी नाताळच्या पाहुण्यांची बस सारखा भोंगा वाजवत होती. योडोकनं दोन बोटांनी तो बिल्ला उचलून वर लावला आणि फोनवर म्हणाला, खालची रांग रिकामी.

चौकशीत त्यानं सांगितलं, फिडेल बिल्ला लावायलाच विसरला. मी पाहिलेलं सांगितलं, तर म्हणाले, हा कवितावाला दिवसाढवळ्या स्वप्नं बघतो. आई मरेपर्यंत गावासाठी विसरभोळ्याची आई राहिली.

कांदा छान खरपूस होता. डबा धुऊन परत केला.

१५ जानेवारी
सकाळी फिडेलचा बिल्ला खालच्या रांगेत. योडोकचीच थट्टा. वर लावला आणि फोन उचलला.

१७ जानेवारी
पुन्हा खाली. ओला होता. योडोकला विचारलं तर त्याचा चेहरा उतरला. मास्तर, असली मस्करी मला नाही चालत, म्हणाला. म्हणजे तो नाही.

मग कोण?

२० जानेवारी
रोज. रोज खाली. फोनच्या आधी मी वर लावतो. बोटं सुन्न होतात.

फिडेल, कळलं रे. तुला काय हवंय ते कळलं.

२३ जानेवारी
रात्रभर बर्फ. पायथ्याशी बस, भोंगा वाजतोय. अगदी तसाच. योडोक बिल्ला खाली लावून उतारावरची बर्फाची मोजपट्टी बघायला गेला. जाताना म्हणाला, अर्ध्या तासात येतो, कॉफी ठेवा, मास्तर.

फोन. नेहमीप्रमाणे फिडेलचा वर लावला. मग योडोकचा. दोन बोटांनी. गेब्हार्टनं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

काचा थरथरल्या. सगळं पांढरं.

आई, झालं.

कॉफी ठेवली आहे. एकाचीच.

पावणेनऊ
वर काय लिहिलंय मी? नेहमीप्रमाणे फिडेलचा वर लावला. तो सांगत होता, मी रस्त्यावर आहे. रोज सांगत होता. आणि मी रोज, माझ्याच हातानं—

पायरीवर बूट. डावा दोनदा. उजवा एकदा.

फिडेल!

नऊ
दारात योडोक होता. जिवंत. शेगडीकडे पाठ करून बसलाय, कॉफीला हात लावत नाही. म्हणतो, कुणीतरी कॉलर धरून रस्त्यावरच्या बोगद्यात फेकलं. आवाज ओळखीचा होता. शिवी नाही, जाब नाही. एवढंच विचारलं : आज रांग रिकामी आहे असं कोण म्हणालं?

म्हणतो, मी तुमचं नाव सांगितलं, मास्तर.

त्याला म्हटलं, तू त्याच्यासारखे बूट का झटकलेस? म्हणाला, मी कुठे झटकले? मागून येत होता तो.

कडी घातली आहे.

फळीवर खाली एकच बिल्ला. माझा. मी नाही लावला. योडोक जागचा हललेला नाही. फोन वाजतोय. पुन्हा गेब्हार्ट— योडोक उठला, फोनकडे— योडोक, नीट बघ, खालची रांग—

डावा. डावा.

उज