मुकी रांग

चि. सौ. धाकटीस,

दादाचे भरघोस आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिने चढू देतोय का? मेहुणेबुवांचं घोरणं कुठवर आलं तेही कळव (मागच्या मुक्कामात ते बँडमधल्या भल्यामोठ्या ट्युबाच्या अगदी खालच्या सुरापर्यंत उतरलं होतं). इकडे तुझ्या वहिनीची तब्येत उत्तम आहे. मी निवृत्त होऊन दिवसभर घरात असतो, एवढाच काय तो तिला आजार.

निरोप समारंभाला तू आली नाहीस याचा मला अजिबात राग नाही (थोडा आहे). 'मला त्यातलं काय कळतं, मी येऊन काय करू?' हे तुझं उत्तर मी बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला पस्तीस वर्षं ऐकतोय. पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ती तुला कळायलाच हवी, कारण तिची सुरुवात तुझ्यापासून आहे.

आठवतं ना, मी तुझ्याच शाळेत बँडमास्तर म्हणून नवा चिकटलो होतो आणि तू सातवीत होतीस? जिन्याखालची ती खोली, पितळ घासायच्या पावडरीचा वास, आणि फरशीवर वाद्यांतून झटकलेल्या थुंकीची तळी (प्रत्येक तळं शेजारच्याचं, असं प्रत्येक पोर शपथेवर सांगायचं). पहिल्याच तपासणीला मोठे साहेब येणार होते आणि तुझं क्लॅरिनेट मधूनच अशी किंकाळी फोडायचं की मी धावत जाऊन खोलीचं दार लावून घ्यायचो. शेवटी मी तुला बाजूला घेतलं. म्हटलं, मागच्या रांगेत बस, गाल फुगव, बोटं हलव, पण फुंकू नकोस. हे आपल्या दोघांतच. साहेब खूश झाले, माझी नोकरी पक्की झाली आणि मला चटक लागली. दरवर्षी एकदोन पोरांना मी असंच बाजूला घेत गेलो आणि प्रत्येकाला 'हे आपल्या दोघांतच' असं बजावत गेलो. मनातल्या मनात मी या पोरांना मुकी रांग म्हणायचो. बक्षिसांनी कपाट भरलं, त्यात या रांगेचा वाटा मोठा आहे.

तर समारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी मला न सांगता जुन्या विद्यार्थ्यांना गोळा केलं होतं. पडदा सरकला तर मंचावर सव्वीस जण वाद्यं घेऊन तयार! दातांचा डॉक्टर ट्रॉम्बोन घेऊन, पोस्टातली बाई बासरी घेऊन, एकीच्या एका मांडीवर ट्रम्पेट आणि दुसरीवर तान्हं मूल. माझा ऊर भरून आला. चष्मा पुसण्याच्या नादात मी चेहरे नीट पाहिले नाहीत, तिथेच घात झाला. छडी उचलली, झोकात खाली आणली, आणि काहीच नाही. सगळ्यांचे गाल फुगलेले, बोटं भराभर चाललेली, आवाज शून्य. फक्त मागून शाळेच्या माळ्याने बास ड्रमवर एक 'धम्' दिलं. मला वाटलं, संपलं, कान गेले. घाबरून पहिल्या ओळीतल्या तुझ्या वहिनीला विचारलं, "अगं, तुला ऐकू येतंय का?" आणि ते माइकवरून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. ती म्हणाली, "ढोल तेवढा येतोय."

माझे खरे वाजवणारे कुठे कुठे वाजवण्यात गुंतलेले, त्यांना सवड नव्हती. आली होती ती अख्खी मुकी रांग. प्रत्येकाला वाटत होतं, न फुंकणारे आपण एकटेच, बाकीचे सांभाळून घेतील. मग एकेक जण तिरक्या नजरेने शेजाऱ्याकडे बघू लागला. पोस्टातली बाई फिसकन हसली आणि सगळा मंच हसत सुटला. तेवढ्यात तो दातांचा डॉक्टर उभा राहिला. "सर, आज तरी फुंकू का?"

धाकटे, मला त्याच्याकडे बघवेना. चाळिशी उलटलेला माणूस, दिवसभर लोकांचे दात उपटतो, आणि माझ्याकडे परवानगी मागत होता. मला स्वतःची लाज वाटली. म्हटलं, "फुंका रे सगळे."

जे निघालं त्याला संगीत म्हणायची माझी छाती नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पुष्पगुच्छ कानाशी धरला, तान्हं मूल भोकाड पसरून बरोबर सुरात रडलं. मीही रडलो. वहिनी सांगेल की डोळ्यात धूळ गेली होती, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. आता दर रविवारी सकाळी नऊला आम्ही जिन्याखालच्या खोलीत जमतो आणि सगळे फुंकतात. शेजारच्या दुकानदाराने रविवारची सुट्टी सुरू केली आहे.

मेहुणेबुवांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. तुझं ते क्लॅरिनेट मी पुढच्या वर्षी दुरुस्तीला दिलं, तेव्हा कळलं की खालचं एक भोक झाकणारी छोटी गादी फाटलेली होती. किंकाळी त्याची होती, तुझी नव्हती. तू तेव्हा बँड सोडून शिवणाच्या वर्गात गेली होतीस. मास्तर चुकला हे सांगायचा मला धीर झाला नाही, आणि मग इतकी वर्षं उलटली की सांगायचीच लाज वाटू लागली.

पुन्हा ता. क. – त्या क्लॅरिनेटला आता पुन्हा नवी गादी बसवली आहे. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली आहे. रविवारी येशील का? आणि घाबरू नकोस, हे काही आता आपल्या दोघांतच नाही. मागच्या रविवारी सव्वीस जणांसमोर मी ते सांगून टाकलं. सगळे तुझी वाट बघताहेत.