कार्ड चालू झालं तर कान

सिडको, छत्रपती संभाजीनगर
८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आप्पामामांस,
श्रेयाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलवर लिहिलेलं तुम्ही काच पुसता पुसता घालवून टाकता, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही. तुमच्यापायी आमच्या पोस्टमनला या गल्लीत पुन्हा यावं लागतंय. तो तुमच्यावर चिडून आहे.

बातमी अशी की ऑनलाइन गेमच्या स्पर्धेत मी दुसरी आले आणि बक्षीस म्हणून एक ग्राफिक्स कार्ड मिळालं. ते कॉम्प्युटरच्या पोटात बसतं आणि पडद्यावरची चित्रं रंगवतं, एवढं कळलं तरी पुरे. खोकं आलं तेव्हा मी बिडकीनला ऑफिसात होते. आईनं वजनावरून तो मिक्सर आहे असं ठरवलं आणि शेजारी सांगूनही आली. मी घरी पोचले तोवर चटणीचं खोबरं किसून तयार होतं. खोकं उघडल्यावर तिनं एवढंच विचारलं की याचं भांडं कुठाय.

आता अडचण ऐका. कार्ड माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नाही. मावलं असतं तरी त्याला लागते तेवढी वीज आतला पॉवर सप्लाय देऊ शकत नाही. म्हणजे बक्षीस फुकट मिळालं आणि त्याच्यासाठी बाकीचं सगळं बदलायची वेळ आली.

खरं कारण आता लिहिते. तुमच्या कांद्याच्या खळ्यावरच्या बन्सीकाकांनी आईला फोन करून सगळं सांगितलंय. मार्केट यार्डात लिलावाच्या ढिगाशी तुम्ही पाठमोरे उभे होतात, ट्रॅक्टर मागं येत होता, सगळं यार्ड ओरडत होतं आणि तुम्ही मात्र हातातला कांदा दाबून बघत होतात. काकांनी कॉलर धरून ओढलं नसतं तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं मशीन लावा ना मामा. इकडं या, मी सोबत येते.

आईचा तुमच्यावर राग आहे, पण शेवया पाठवणार आहे. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची भाची,
श्रेया

---

वैजापूर
१३ सप्टेंबर २०२५

चि. श्रेया हिस,
आप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुसरी आलीस याचा आनंद झाला. पहिली आलेली पोरगी कुठली, आणि तिला काय दिलं, ते कळव. तुला हे असलं दिलं असेल तर तिला बहुतेक पॉवर हाऊस दिलं असेल.

बन्सी लई बोलतो. ट्रॅक्टर लांब होता. त्यानं कॉलर ओढली त्यात माझा चांगला सदरा फाटला, हे त्यानं सांगितलं का? नसेल.

कानाचं मशीन मी लावणार नाही. यार्डात लिलाव चालतो तेव्हा मी बोटं बघतो, ओठ बघतो, आणि माझं चालतं. ज्याच्या कानात मशीन दिसलं त्याला लोक म्हातारा समजतात, आणि म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या गळ्यात कोंब फुटलेला कांदा मारायला सगळे टपलेले असतात. शिवाय ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय सध्या?

तरी तू एवढी मागं लागली आहेस तर पैज लावू. लक्ष्मीपूजनाच्या आत तुझं ते कार्ड चालू झालं, तर मी निमूट येऊन कानात मशीन घालीन. नाही झालं, तर तू, तुझी आई मुक्ता आणि तो बन्सी, कुणीही माझ्या कानाचं नाव पुन्हा काढायचं नाही. डबा लहान, वीज अपुरी, आणि वर मुक्ताची देखरेख. मी जिंकल्यातच जमा आहे.

मुक्ताला सांग, शेवया जाड नकोत. लोभ आहेच, तो मोजून बघू नये.

तुझा,
आप्पामामा

---

सिडको, छत्रपती संभाजीनगर
२२ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आप्पामामांस,
सा. न. वि. वि.

पैज कबूल. आई साक्षीदार आहे आणि तिनं देवासमोर तुमचं पत्र ठेवलंय, म्हणजे आता तुम्हाला फिरता येणार नाही.

कामाला लागले आहे. पैठण गेटच्या दुकानातून नवा डबा आणला. तो एवढा मोठा आहे की रिक्षावाल्यानं फ्रीजचं भाडं मागितलं. हा डबा आवाज करत नाही अशी दुकानदाराची ग्वाही आहे. मग मोठा पॉवर सप्लाय आणला. तो लावून बघितला तर घरातली वीज गेली, कारण त्याच वेळी आईनं गीझर आणि मिक्सर दोन्ही चालू केले होते. वायरमन आला, भिंतीकडं बघून हळहळला आणि माझ्या खोलीला वेगळी वायर ओढून गेला. तोवर घरात एकतर चटणी व्हायची नाहीतर गेम. बाबांनी चटणीच्या बाजूनं मत दिलं.

एवढं झाल्यावर कळलं की माझा जुना प्रोसेसर या कार्डाच्या पुढं फार सावकाश आहे. प्रोसेसर म्हणजे कामाची वाटणी करणारा. तो एकेक घास हातावर ठेवणार आणि कार्ड उपाशी बसून राहणार. म्हणून नवा प्रोसेसर आणला. तो जुन्या मदरबोर्डात, म्हणजे ज्या पाटीवर हे सगळं जोडतात तिच्यात, बसेना. म्हणून पाटीही नवी. आता जुन्या कॉम्प्युटरमधला फक्त उंदीर उरलाय, म्हणजे माउस, आणि तोही माझ्याकडं केविलवाणा बघतो.

ऑफिसातला प्रणय या कामात तरबेज आहे. दसऱ्याला सुट्टी आहे, त्या दिवशी तो येऊन कार्ड बसवून देणार. तुम्ही बॅग भरायला घ्या.

लिलावात उभं राहताना पाठीमागं भिंत असू द्या, एवढं तरी ऐका. लोभ असतोच तुमचा, तो वाढावा.

श्रेया

---

वैजापूर
२६ सप्टेंबर २०२५

चि. श्रेया हिस,
अनेक आशीर्वाद.

शेवया जाडच होत्या.

दसऱ्याला कार्ड बसवतेस ते ठीक, पण पूजा केल्याशिवाय बसवू नकोस. पैज असली तरी मी तुझा मामा आहे, वाईट चिंतणार नाही. आणि ती शहरातली वरवरची पूजा नको, डब्यावर एक झेंडू टाकला आणि फोटो काढला अशी. आमच्या वजनकाट्याला आम्ही दांडीवर कुंकू लावत नाही, पारड्यात लावतो. माल जिथं बसतो तिथं. म्हणून आमच्या काट्यानं कधी दगा दिला नाही. हे मुक्ताला वाचून दाखव, तिला आमच्या घरची रीत माहीत आहे, तुला नाही.

भाव पडलेत. यार्डात सगळे तोंड पाडून असतात, त्यामुळं ऐकू न येणं सध्या फायद्याचं आहे.

तुझा पराभव चिंतणारा, पण लोभी,
आप्पामामा

---

सिडको, छत्रपती संभाजीनगर
६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. आदल्या दिवशी तिनं सहज विचारलं की हे कार्ड नेमकं कुठून बसतं. मी भोळेपणानं त्याची खालची सोनेरी पट्टी दाखवली. दसऱ्याला सकाळी मी शहागंजला फुलं आणायला गेले तेवढ्यात तिनं पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू त्या पट्टीला लावलं. माल जिथं बसतो तिथं. मग मी ओरडेन म्हणून पदरानं पुसूनही टाकलं. ओल राहिली, रंग फटीत राहिला. प्रणयनं बिचाऱ्यानं कार्ड दाबून बसवलं, बटण दाबलं. आत काहीतरी चटकन झालं आणि पडदा काळा तो काळाच.

दुकानात नेलं. दुकानदारानं बॅटरी मारून आत बघितलं आणि मला विचारलं, कार्ड बिठाए की भाजी को फोडणी दिए. मदरबोर्डाची खाच जळलीय. बोर्ड कंपनीकडं जाईल, कधी येईल ते तिथलं कुणी सांगत नाही, दिवाळीपूर्वी तर नाहीच. कार्ड जिवंत आहे का मेलंय हेही बोर्ड आल्याशिवाय कळणार नाही. आई तेव्हापासून माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारातूनच त्या डब्याला हात जोडते.

कार्डाचं दुःख आहे, पण ते काही खरं दुःख नाही. आता मला तुमच्या कानाबद्दल बोलता येणार नाही, म्हणून या पत्रात शेवटचं बोलून घेते. मला भीती वाटते मामा. ऑफिसात अनोळखी नंबरचा फोन आला की आधी बाहेर जिन्यात जाते आणि मगच उचलते, बन्सीकाका काहीतरी सांगतील म्हणून. तुम्ही लहानपणी मला खांद्यावर बसवून सगळं यार्ड दाखवलंय, आणि त्याच यार्डात एक दिवस मागून कुणीतरी येईल आणि तुम्हाला कळणार नाही. बस, एवढंच. शब्द दिलाय तो पाळेन. यापुढं कानाचं नाव नाही.

श्रेया

---

वैजापूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. श्रेया हिस,
आप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी आनंदानं पेढे मागवले. मग पुन्हा वाचलं आणि पेढे तसेच राहिले.

आमच्याकडं लिलाव झाल्यावर माल खराब निघाला की त्याला वांधा निघाला म्हणतात, आणि तो मिटवायला चार माणसं बसतात. कांदा आधीच सडका होता, की खळ्यावर आल्यावर कुणाच्या हातून खराब झाला, एवढंच बघायचं. मला वाटलं, आपल्या पैजेचाही वांधाच झालाय. म्हणून काल दुपारी खळ्यावर माणसं बसवली. बन्सी होता, आणि कांदा निवडणाऱ्या बायांची मुकादम कडूबाई होती. मी तुझं पत्र बन्सीला दिलं. त्यानं मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं वाचलं असावं, कारण पलीकडच्या खळ्यावरची माणसंही येऊन बसली.

मग त्यांचं बराच वेळ चाललं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. हळदीकुंकवापाशी सगळे पोट धरून हसले, ते कळलं. पुढं तुझ्या भीतीचं आलं तेव्हा कुणीच हसलं नाही, तेही कळलं. बन्सीनं तर चष्मा काढून पुसला. मी विचारत होतो, काय ठरलं, काय ठरलं, आणि सगळे एकदम बोलत होते. शेवटी कडूबाई उठली, हात पदराला पुसले आणि भर खळ्यात तिनं माझा कान धरला. हाच निकाल. बापानंतर माझा कान कुणी धरला नव्हता.

बन्सीनं नंतर खुणा करून समजावलं. मालाला पाणी ज्याच्या सांगण्यावरून लागलं, नुकसान त्याचं. मुक्तानं माझ्या सांगण्यावरून कुंकू लावलं. म्हणजे कार्ड चालू झालं नाही ते माझ्यामुळं, आणि पैज हरलो मी. मी म्हणालो, पारड्याला लावा म्हटलं होतं, कार्डाला कुठं म्हटलं होतं. तर कडूबाई पुन्हा उठायला लागली.

भाऊबीजेला येतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं ने. यार्डात कुणाला सांगू नकोस, जरी सगळ्यांना माहीत असलं तरी. मुक्ताला म्हणावं, रुसू नको, चूक माझ्या रीतीची. शेवया कर, जाड चालतील.

हरलेला,
आप्पामामा

---

वैजापूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. श्रेया हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप आहे. येताना बसमध्ये मशीन दोनदा काढून खिशात ठेवलं, कारण शेजारचा माणूस शेंगा खात होता. माणसं खाताना एवढा आवाज करतात हे मी पार विसरलो होतो.

मी तिथं असतानाच तुझा बोर्ड आला आणि कार्ड जिवंत निघालं, बरं झालं. नाहीतर मुक्तानं उपास धरले असते. पण त्या दुकानदाराला जाब विचार. डबा आवाज करत नाही म्हणाला, आणि मला तर तुझ्या खोलीत पिठाची गिरणी चालल्यासारखं ऐकू येत होतं. तुम्हाला सवय झाली असेल.

यार्डात पहिले काही दिवस टोपी कानावर ओढून फिरलो. सगळ्यांना वाटलं, मी मशीन घरीच ठेवलंय. मग बसून ऐकलं. माझ्या तोंडावर, मला हात जोडून, माणसं मला काय काय म्हणतात ते ऐकलं. एकानं रामराम घालता घालता माझ्या सात पिढ्या काढल्या. मीही हसून रामराम घातला आणि त्याचा कांदा उतरत्या भावानं घेतला. धंद्याला मशीन चांगलं आहे.

परवा ट्रॅक्टर मागं येत होता. मला आधीच ऐकू आला, मी बाजूला झालो. तरी सवयीनं बन्सीनं कॉलर ओढलीच. दुसरा सदरा गेला.

एक गोष्ट तुझ्या घरी बोलायची राहिली, ती लिहितो. इतकी वर्षं मला वाटायचं, तू भांडखोर आहेस. मुक्ताही, बन्सीही. माझ्यासमोर आलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या आणि गळ्याच्या शिरा ताठ. मला वाटायचं, मी सगळ्यांना नकोसा झालोय, म्हणून मीही दोन शब्द वाकडे बोलून मोकळा व्हायचो. डॉक्टरनं मशीन बसवलं आणि तू विचारलंस, मामा, येतंय का ऐकू. किती हळू विचारलंस पोरी. तुझा आवाज इतका मऊ आहे हे मला माहीतच नव्हतं. तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो, ते बाहेर काही बघायला नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. फोन कर. ओरडू नकोस, नेहमीसारखं बोल.

तुझा,
आप्पामामा