न्यू टॅव्हिस्टॉकमध्ये इंग्रज किती?

१२ जानेवारी १९९१

ओडेटवहिनीला आम्ही आज दगडी कोठारात ठेवून आलो. जमीन चार फूट गोठलेली, मे उजाडल्याशिवाय कुदळ लागत नाही. तोवर ती तिथेच, टेकडीच्या पायथ्याशी, लोखंडी दाराआड. हिवाळ्यात गेलेले आमच्याकडे सगळेच असे थांबतात. एव्हरेटही थांबला होता, अकरा वर्षांपूर्वी. माझा भाऊ जन्मात कुठे वेळेवर पोहोचला नाही, मातीतही अडीच महिने उशिरा!

लुसी रडली नाही. बापावर गेलीय. "आत्या, आईचं एकच म्हणणं होतं. बाबांच्या शेजारी."

म्हटलं, अगं, दुसरीकडे कुठे जाणार ती?

चर्चच्या तळघरात जेवण होतं. थर्लो पेटेंगिल हॅम चावता चावता माझ्याकडे आला. मला वाटलं, सांत्वन करेल. तर म्हणतो, "युनिस, कार्डं किती आली?" मेल्या, आजची मयत! ताटातलं अन्न तसंच टाकून उठले.

१५ जानेवारी

एकूण कार्डं ६१२.

२० जानेवारी

जिल्ह्याला दोनशे वर्षं होतायत म्हणून इतिहास मंडळ नकाशा छापणार आहे — कुठल्या गावात इंग्रज वंशाची घरं किती. जास्त असतील तिथे गडद निळा, कमी तिथे फिका. अध्यक्ष थर्लो. मोजणार कोण? जिने चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं ती!

घरोघर वंश विचारून मागवलेली ही कार्डं वाचून वीट आलाय. डोनेली मंडळी मागच्या वर्षी सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत हिरव्या टोप्या घालून नाचत होती, ती यंदा इंग्रज झाली. एकाने लिहिलंय, "अमेरिकन, आणि तुम्हाला काय करायचंय?" त्याची पाठ थोपटावीशी वाटली. एका बाईने आपल्या कुत्र्याची जात इंग्रज असल्याचं कळवलंय, तेही मोजा म्हणते.

आणि एवढा उपद्व्याप करून निघतंय काय? टेकडीवरच्या कोरड्या जमिनीवर इंग्रज दाट, खाली नदीकाठच्या चिखलात विरळ, गिरणीपलीकडे कॉर्बेट मिल्सला जवळपास नाहीतच. हे सांगायला कार्डं कशाला हवीत? ज्याने आधी येऊन चांगली जमीन बळकावली, त्याची नातवंडं अजून तिथेच बसलीत.

३ फेब्रुवारी

शेजारचं एल्डन गाव शंभरात सदुसष्ट इंग्रज. आम्ही सहासष्ट. थर्लोचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं!

१६ फेब्रुवारी

सांगायलाही शिसारी येते.

टेकडीवरच्या दफनभूमीचं मंडळ वेगळं, पण अध्यक्ष तोच, आणि चिटणीस मीच. आज बैठकीत थर्लोने १८८४ सालचा नियम वाचून दाखवला. त्या साली गिरणीसाठी कॅनडातून फ्रेंच माणसं यायला लागली होती. 'टेकडीवर केवळ इंग्रज रक्ताच्या व्यक्तीस जागा मिळेल.' शंभर वर्षांत कोणी उघडला नव्हता तो कागद. याला नकाशाच्या नादात सापडला! म्हणजे वहिनी फ्रेंच, म्हणून तिला एव्हरेटशेजारी जागा नाही!

मर्ल, जो वर्षानुवर्षं कबरी खणतो, तो दारातूनच म्हणाला, "टेकडीवर दोन आयरिश बायका आहेत. मीच पुरल्यात."

"तेव्हा कोणी विचारलं नव्हतं," थर्लो म्हणाला.

"आता तरी कोण विचारतंय? ती बाई तर काही बोलत नाहीये."

शेवटी ठरलं, वहिनीला टेकडीवर घ्यायचं की नाही यावर एप्रिलमध्ये मतदान. तोवर माती तशीही कोणाला घेत नाही.

मी भांडले. खरंच भांडले. आवाज चढला माझा.

२ मार्च

यादी पुन्हा पाहिली, तर आमची गाडी अडुसष्टवर! म्हटलं ही वाढ आली कुठून? थर्लोने संशयाची सगळी घरं आडनावावरून इंग्रजांत टाकलीत. त्यात नदीरस्त्यावरचं एव्हरेटचं घरही आहे. मरायच्या आठवडाभर आधी वहिनीने स्वतःच्या हाताने कार्ड भरलं होतं. 'फ्रेंच,' आणि खाली ठसठशीत रेघ मारलेली. तिची 'र' काढायची पद्धत मी कुठेही ओळखीन.

थर्लोला जाब विचारला. तो म्हणाला, "घर थॅक्सटरांचं, नाव थॅक्सटर. म्हणजे इंग्रज."

"मग पुरायला का नाही?"

"ते वेगळं मंडळ आहे, युनिस."

दोन्हीकडे हाच अध्यक्ष! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. इथे तर एकच बाई नकाशासाठी बाब्या आणि मातीसाठी कार्टं! किळस आली. त्याच्या टेबलावरच्या चहाला हात लावला नाही.

यादी मात्र त्याने सांगितली तशीच टंकून दिली. छापखान्याची तारीख जवळ आली होती.

१० मार्च

टेकडीवर जाऊन आले. बर्फ गुडघाभर. आमच्या घराण्याच्या दहा जागा, नऊ भरल्या. दहावी एव्हरेटच्या शेजारची, मेपलच्या झाडाखाली, सकाळचं ऊन पहिलं तिथेच येतं. आई म्हणायची, "ती युनिसची. तिला नवरा नाही, तिला आम्हीच." मी तेव्हा तीस वर्षांची होते, आणि भयंकर राग आला होता.

वहिनी तिथे गेली तर मी कुठे? पेट्रोल पंपामागे नवीन दफनभूमी झालीय, तिथे? शेजारी कोण, तर इन्शुरन्सवाला ब्रॅगडन!

हा विचार मनात आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली. बायकोची जागा नवऱ्याच्या शेजारी. यात विचार करायचाय काय!

११ मार्च

लुसीचा फोन. "आत्या, पण मग तुझं काय? ती जागा तुझी होती ना?"

म्हटलं, मला कुठेही टाका गं. मेल्यावर काय कळतं?

ती म्हणाली, "तू देवमाणूस आहेस." मला चिडल्यासारखं का झालं, कळत नाही.

६ एप्रिल

शनिवार, आमच्याकडे घेवड्याचा वार. घेवडा रात्री भिजत घालायचा विसरले. वहिनी आली तेव्हा आईने तिला आमच्या पद्धतीने घेवडा शिजवायला शिकवला, आणि वर्षभरात तिचा माझ्यापेक्षा चांगला व्हायला लागला. एव्हरेट सगळ्यांसमोर म्हणायचा, "युनिस, हिच्याकडून शिक!" छत्तीस वर्षं ऐकलं मी ते. हसत हसत.

२७ एप्रिल

झालं मतदान. हरलो.

आमच्याकडे मत चिठ्ठीवर नाही, दाण्यांवर. ही तीनशे वर्षांची रीत. मंडळाच्या आम्हा सातही जणांना दोन दोन दाणे मिळतात, एक मका, एक घेवडा. हो म्हणायचं असेल तर मका पेटीत टाकायचा, नाही म्हणायचं असेल तर घेवडा. उरलेला दाणा मुठीत झाकून खिशात घालायचा, घरी नेऊन कोंबड्यांना टाकायचा, कोणाला दाखवायचा नाही. तोंडं पाहायला हवी होती सगळ्यांची! चर्चमध्ये बसल्यासारखी गंभीर.

पेटी मीच उलटी केली. चार घेवडे, तीन मके.

थर्लो "नियम तो नियम" म्हणाला आणि हात चोळत कॉफी ओतायला गेला. चौघांनी मिळून एका मेलेल्या बाईला नवऱ्यापासून तोडलं, आणि वर डोनट खाल्ले! मी एकेकाचे हात पाहत होते. साखरेने चिकट झालेले. ज्यांनी उघड विरोध केला ते तिघं सगळ्यांना माहीत आहेत — थर्लो, दातांचा डॉक्टर, आणि थर्लोचाच मेव्हणा. चौथा कोण, ते आता अख्खं गाव विचारतंय. ताकाला जाऊन भांडं लपवणारा कोणीतरी. समोर येऊन बोलायची हिंमत नाही, म्हणून अंधाऱ्या पेटीचा आधार! अशा माणसापेक्षा थर्लो बरा. तो निदान तोंडावर तरी बोलतो.

हात तीनदा धुतले.

४ मे

जमीन सुटली. वहिनीला कॉर्बेट मिल्सला, गिरणीमागच्या कॅथलिक दफनभूमीत पोहोचवलं. मर्लने टेकडीवरची नोकरी सोडली आणि तिथे जाऊन फुकट खणलं. परतताना मला म्हणाला, "तुमचा भाऊ बिचारा वाट बघत बसेल." मी गाडीची काच वर केली.

९ मे

लुसी घरी आली होती. वहिनी नाताळला करायची ती तूर्तिएर घेऊन — डुकराचा खिमा भरून भाजलेली, वर लवंगेचा वास. नकाशाही आणला होता, ताजा छापलेला. न्यू टॅव्हिस्टॉक सगळ्यांत गडद निळं.

"आई यात आहे बघ," ती म्हणाली, आणि नदीरस्त्यावर बोट ठेवलं. "इथे तिला घेतलं."

मग माझा हात धरला. "तीन मके पडले ना, आत्या. त्यातला एक तुझा. बाकी कोणाचं मला माहीत नाही, पण तुझं माहितीय. आईला सांगितलं मी, कबरीपाशी."

तिने ताटात वाढलं. खाल्लं सगळं.

१८ मे

ऊन पडलं. लोकरीचा काळा कोट पेटीत ठेवायला काढला, खिसे उलटे केले. रुमाल. पेपरमिंटच्या दोन गोळ्या. मक्याचा दाणा.