पाणथळीचे पुस्तक कोणी पुरे करावे

मी, वय वर्षे एकोणतीस, व्यवसाय लेखन, घरातली पहिली पदवीधर, उद्या हृदयाची शस्त्रक्रिया करून घेणार आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी सह्या मात्र दोनदा घेतल्या. म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

१. माझ्या नावावर घर नाही, त्यामुळे भांडण नाही. बँकेतली शिल्लक आईची. पदवीचे प्रमाणपत्र बाबांचे. तसेही आल्यागेल्याला ते तेच दाखवत असतात.

२. गमबूट, दुर्बीण आणि पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या धाकट्या भावाला. बाटल्या स्वयंपाकघरात वापरू नयेत. त्यांत काय काय भरले होते ते मला ठाऊक आहे.

३. माझी दोन्ही पुस्तके आईने काचेच्या कपाटात ठेवली आहेत, ती तिथेच असू द्यावीत. माझ्या मैत्रिणीचा पाणथळीवरचा लेख मात्र आईच्या उशाशी असतो. "काय लिहिते गं पोरगी! मला रडूच आलं," असे आई सांगते. तेही मला! ही मैत्रीण काठावरून, चप्पल न भिजवता लिहिते. कमरेइतक्या चिखलात उभी मी राहिले. तिला पुरस्कार मिळाला. माझ्या पुस्तकांना परीक्षक "माहितीपूर्ण" म्हणाले. यात कोणाला काही द्यायचे नाही, फक्त नोंद असावी.

४. त्याच पाणथळीवरचे माझे तिसरे पुस्तक अर्धे राहिले आहे. त्याला कोणीही हात लावू नये, असे मी आधी लिहिले होते. भावाने ते वाचून विचारले, "ताई, मेल्यावरही तिच्याशी भांडणारेस का? आणि भराव टाकणाऱ्यांना कोण अडवणार, आईचं कपाट?"

पाणथळ बुजवायला डंपर रोज येत आहेत, भरावाविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी तोंडावर आली आहे. त्याआधी लोकांचा जीव त्या जागेत अडकायला हवा. तो कोणाच्या लिहिण्याने अडकतो, हे आमच्या घरातच सिद्ध झाले आहे.

म्हणून ते वाक्य खोडले. पुस्तक मैत्रिणीने पुरे करावे. माझा एकही आकडा बदलू नये. शेवटचे प्रकरण पाण्यात उतरून लिहावे. मुखपृष्ठावर माझे नाव वर, तिचे खाली. माझ्यावर प्रस्तावना लिहू नये. ती सुंदर लिहील, आणि मला ते मेल्यावरही सोसणार नाही.

५. मी शस्त्रक्रियेतून वाचले, तर हा कागद फाडावा. पुस्तक मात्र तरीही एकटी पुरे करणार नाही. तिच्या दारात जाईन. दातओठ खात, पण जाईन.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)
वाचनालयातल्या बाई (सही)
लिहून देणार: मी स्वतः (सही)
स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस