पद्माचा तुटक बाण

रविवार, संध्याकाळ
जुळे सोलापूर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसून मी आणि पद्मा एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचो. चटणीच्या बोटांनी मी वहीला हात लावला की ती ओरडायची. आज तेच सारखं आठवतंय.

इन्सुलिनमुळे पेशीत काय काय घडत जातं, त्याची आकृती निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी मिळून काढली. आज ती मी सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या डेटाबेसला पाठवली. त्यात पद्माने एक बाण तुटक ठेवला होता, कारण त्या पायरीला अजून पक्का पुरावा नाही. मला मात्र सगळ्या सलग रेषांत तो एकटाच अर्धवट दिसला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली टापटीप! मी तो सलग करून टाकला.

मग तिचाच फोन. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे तिला स्क्रीन बघायला बंदी.

"पाठवलीस का गं? माझा तुटक बाण तसाच ठेवलायस की?"

"हो."

"मग झालं. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं."

का म्हणाले मी हो? एखादी विद्यार्थिनी तो बाण खरा धरून पुढे काम करेल. आणि आकृतीखाली पद्माचंही नाव आहे.

आत्ताच दुरुस्ती करते. तुटक बाणाची आकृती डेटाबेसला. तिचीच छापील प्रत पद्माच्या मुलीकडे, डोळा बरा झाल्यावर आईला दाखवायला. आणि मी खोटं बोलले, हे पद्माला सांगायचं. फोनवर नाही, उद्या शेंगाचटणी घेऊन, तिच्यासमोर बसून.