उंडीबंदरच्या दगडावरची सात नावं

मी, गुणवंती धोंडू शिवलकर, वय सत्तेचाळीस, अविवाहित, धंदा बोटींवर नावं आणि नंबर रंगवणं, राहणार मौजे उंडीबंदर, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकानं किंवा भरीला पडून नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पुढच्या सोमवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. वकील अक्षयाताई म्हणाल्या, "गुणाताई, एवढ्याशा ऑपरेशनला कोणी मृत्युपत्र करतं का?" डॉक्टरांनीही घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं आहे. मला स्वतःची धास्ती नाही. धास्ती आहे ती दगडाची. मी गेले तर कायद्यानं माझा वारस माझा चुलतभाऊ नितेश, आणि नितेशच्या मनात ग्रॅनाइट आहे.

मजकुरात मध्येमध्ये माझं बोलणं आलं आहे. अक्षयाताईंनी ते दोनदा खोडलं, मी दोनदा परत घातलं. तेव्हा ते माझ्या मर्जीनं आहे असंच समजावं.

१. माझं राहतं घर, ओटी, पडवी आणि मागची दोन हापूसची कलमं नितेशची मुलगी तेजस्वी हिला द्यावीत. नितेशला त्या घरात हवं तेव्हा येता-जाता येईल, चहा मिळेल, पण कलमांना खत किती घालायचं यावर त्यानं बोलू नये.

२. माझे सर्व ब्रश, हात टेकवायची काठी, सुताची गुंडी आणि खडूची पेटी हेही तेजस्वीलाच. ती मिरजोळ्याला एमआयडीसीत फ्लेक्स छापते आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मी इथं पहिल्यांदाच कबूल करते. तोंडावर सांगितलं असतं तर तिनं मोबाईलवर टाकलं असतं. ब्रश पाण्यात भिजत ठेवू नयेत. ते माझ्या बाबांचे आहेत, आणि बाबा वर गेले असले तरी त्यांना कळेल.

३. आता दगडाविषयी. घराच्या खालच्या अंगाला, जेटीकडे जाणाऱ्या वाटेवर, माझ्या मालकीची अर्धा गुंठा जागा आहे. तिच्यावर बाबांनी बांधलेला जांभ्याचा चौथरा, गिलावा केलेला उभा दगड आणि वर कौलांचं छोटं छप्पर आहे. त्यावर सात नावं आहेत. ती कशी आली हे लिहिल्याशिवाय पुढचं कलम कोर्टाला कळणार नाही.

मी तिशीत होते तेव्हा गावची 'दर्यासुंदरी' वादळात गेली. बोटीवर सहा जण होते असं आम्ही समजत होतो. वाट बघून बघून शेवटी घराघरांनी कार्य उरकलं. बाबांनी दगड उभा केला आणि मी सहा नावं लिहिली: बोट चालवणारे तांडेल यशवंत भाटकर, दोघे नागवेकर, कीर, हर्षद विलणकर आणि दत्ताराम मयेकर. (हर्षदचं नाव लिहिताना माझा हात सावकाश चालतो. याचं कारण मृत्युपत्रात देणं बंधनकारक नाही, असं अक्षयाताईंनी सांगितलं आहे.)

रंग ओला होता तोवर दत्तारामदादा खांद्यावर फणस घेऊन एसटीतून उतरला.

झालं होतं असं, की तो बोटीवरचा स्वयंपाकी. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून तांडेलांनी टोपासकट कालवण समुद्रात फेकलं. दादाला राग आला. जयगडला बोट बर्फ भरायला लागली तसा तो उतरला आणि मंडणगडच्या डोंगरात बहिणीकडे रुसून जाऊन बसला. वादळानं तिकडचे विजेचे खांब पडले होते, फोन बंद, त्यामुळे त्याला काही कळलं नाही आणि आम्हालाही नाही. त्याच्या बायकोनं, संध्यावहिनीनं, त्याला जेटीच्या वळणावर बघितलं, आधी रडली, मग हातातली केरसुणी फेकून मारली. "मेल्या, तुझं तेरावं जेवली मी!" तो दगडासमोर उभा राहिला. सगळी नावं वाचली. मग म्हणाला, "गुणे, माझ्या नावातला द किती पोटाळ काढलायस गो!" आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला.

त्याचं नाव पुसायचं की नाही यावर गावाची सभा झाली. तांडेलांच्या पत्नी सरस्वतीकाकी तोवर कोणाशी बोलत नव्हत्या. त्या उठल्या. "पुसू नका. पाच जण गेले, हा उतरला. हा नसला तर त्यांना वरती जेवण कोण घालणार? नाव तरी राहू दे सोबतीला. मीठ बेताचं टाक म्हणावं." सभा हसली, आणि काकी त्या दिवसापासून बोलायला लागल्या.

सातवं नाव अमरदीप तांबे याचं. आमच्या बौद्धवाडीतला मुलगा, फौजेत होता, सीमेवर बर्फाखाली गेला. तेव्हा माझे काका, म्हणजे नितेशचे वडील, म्हणाले होते की तो बोटीवरचा नव्हे, त्याचा दगड त्यांच्या वाडीत उभारा. हे मी विसरलेले नाही. काका वारले आहेत म्हणून एवढ्यावर थांबते. अमरदीपची आई कमलाबाई सरळ माझ्या ओटीवर आली. म्हणाली, "बर्फ म्हणजे पाणीच ना गो? माझा पण पाण्यातच गेला. हितंच लिही." मी त्याच दुपारी लिहिलं.

४. खाऱ्या वाऱ्यानं रंग वर्षभरही टिकत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगळी नावं परत रंगवायची, हा आमचा रिवाज. हंगामाआधी बोटी रंगवून झालेल्या असतात. ज्या घरचं नाव, त्या घरानं आपल्या बोटीचा उरलेला रंग आणायचा, आणि मी लिहीत असताना जवळ उभं राहून नाव मोठ्यानं घ्यायचं. त्यामुळे आमच्या दगडावर निळा, भगवा, पोपटी, सगळे रंग आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कमलाबाईच्या घरी बोट नाही. ती विहाराच्या दाराला लावलेला निळा रंग आणते. पाऊस असतोच. मग दत्तारामदादा छत्री धरतो आणि संध्यावहिनी तिचा केस वाळवायचा ड्रायर माझ्या ओटीवरून वायर ओढून आणते. दादा समुद्रावर पुन्हा गेला नाही. जाळी विणतो, चौथरा झाडतो, आणि पौर्णिमेला स्वतःच्या नावाचा नारळ स्वतःच समुद्राला देतो. पाहुण्यांना हे समजावून सांगताना आमची पुरेवाट होते.

५. नितेशच्या सुशोभीकरण समितीला हा दगड काढून तिथं काळा ग्रॅनाइट बसवायचा आहे. सोनेरी अक्षरं, खाली देणगीदारांची नावं, वर दिवे. नितेश वाईट नाही. त्याला खरोखर वाटतं की चांगलं होईल. पण जागा माझी, सही माझी लागते. तो म्हणाला, "ताई, एकदा कोरलं की शंभर वर्षं बघायला नको." मी म्हटलं, "बघायला नको, हेच तर मला नको."

तरी मी विचार करते म्हटलं होतं. नेहमी प्रत्येक गोष्टीत घासाघीस करणारी कमलाबाईसुद्धा दिव्यांचं ऐकून जरा मऊ झाली होती. मग समितीची यादी आली. तीत सहाच नावं होती. दत्ताराम मयेकर हे नाव 'तांत्रिक चूक' म्हणून काढलं होतं. त्या संध्याकाळी दादा ओटीवर येऊन बसला. चहा निवला तरी उचलला नाही. मग हळूच विचारलं, "गुणे, ह्यांनी माझं नाव काढलं. म्हंजे आता मी मेलो काय गो?"

मी त्याचा चहा परत गरम करून आणला. हे मृत्युपत्र म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

६. सबब, कलम तीनमधली अर्धा गुंठा जागा, चौथरा, दगड आणि छप्पर यांसह, मी भाटकर, नागवेकर (दोन्ही घरं), कीर, विलणकर आणि तांबे या सहा घरांना समाईक देते. या जागेत कोणताही बदल करायचा झाल्यास सहाही घरांच्या लेखी सह्या लागतील. उंडीबंदरात सहा घरांचं माझ्या जन्मापासून कशावरही एकमत झालेलं नाही. दोन नागवेकरांचं तर गटारावरून अजून बोलणं नाही. त्यामुळे दगड सुरक्षित आहे, अशी माझी खात्री आहे. तरीही उद्या कधी एकमत झालंच, तर गावात तेवढं प्रेम वाढलं असं समजून माझी हरकत नाही. मात्र नावं सातच राहतील.

७. दत्ताराम मयेकर यांना या मृत्युपत्राद्वारे मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, असं अक्षयाताई म्हणतात, आणि मला साक्षीला तेच हवे आहेत. चौथऱ्यावर बसायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

८. बँकेत जी काही शिल्लक निघेल ती दगडाच्या कौलांसाठी ठेवावी. माझी सायकल कमलाबाईच्या नातीला द्यावी. काकांवरचा राग मी माझ्याबरोबर नेते, नितेशनं तो वारशानं मागू नये.

९. माझं नाव दगडावर घालू नये. पित्ताशयाच्या खड्यांनी गेलेली बाई त्या सातांमध्ये शोभणार नाही. शिवाय माझ्या नावातला 'ण' फक्त मलाच नीट जमतो.

१०. मी सुखरूप परत आले, तर तेजस्वीनं हा कागद वाचलाच नाही असं दाखवावं. या वर्षीची नावं ऑपरेशनच्या आधीच, येत्या गुरुवारी रंगवायची आहेत. माझा हात दुखत असल्यानं तीन नावं तिनं लिहावीत. हर्षदचं सोडून.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली आहे.

सही: गुणवंती धोंडू शिवलकर
ठिकाण: माझी ओटी, उंडीबंदर, रत्नागिरी
मंगळवार, दिनांक ५ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार बाई शुद्धीत आणि हसतमुख असताना त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: दीपेश अनंत साळवी, शिक्षक, उंडीबंदर.

साक्षीदार २: दत्ताराम सखाराम मयेकर, जाळी विणणारे, दगडावरचं सहावं नाव, हल्ली हयात. ('हल्ली' हा शब्द साक्षीदारांच्या आग्रहावरून घातला.)